पुस्तकात नसलेली खाणावळ

आमच्या घरात मेलेला माणूस कुठेही जात नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून हे ठरलेलं आहे. स्वर्ग नाही, नरक नाही, पुढचा जन्म नाही, पिंड नाही, कावळा नाही. माणूस गेला की फोटोपुढे मेणबत्ती लावायची, पुण्यानुमोदनाला त्याच्याबद्दल चार खरे शब्द बोलायचे, वंदना म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. लहानपणी अंबरनाथच्या आमच्या चाळीत भाद्रपदात शेजारीपाजारी कावळ्यांना पान ठेवायचे, तेव्हा पप्पा हसून म्हणायचे, "चालू झाली कावळ्यांची पेन्शन."

म्हणून मागच्या भाद्रपदात समोरच्या फ्लॅटमधल्या काकी मला जिन्यात म्हणाल्या, "तुझ्या पप्पांनी आज गॅलरीत पान ठेवलं हो. कावळा लगेच शिवला, बरं झालं," तेव्हा मी हातातली भाजीची पिशवी पायरीवरच ठेवली. काकींना वाटलं, आईच्या आठवणीनं मला भरून आलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. खरं तर मी घाबरले होते. त्यांच्या घरात ही रोजची गोष्ट असेल, पण आमच्या घरात तिचा अर्थ एकच होता. पप्पांच्या डोक्यात आई कुठेतरी गेली होती, आणि जिथे ती गेली तिथली वाट त्यांना मी दाखवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आई फेब्रुवारीत गेली. मी बदलापूरला एकटीच राहते, उल्हासनगरला शाळेत इंग्रजी शिकवते. सकाळची शाळा, दुपारी दोनला घरी. आई गेल्यावर पप्पांना मी माझ्याकडे घेऊन आले. ते आपली औजारांची पिशवी, वायसर-नट ठेवायचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि आईचा फोटो घेऊन आले, बाकी काही आणायला तयार नव्हते. एकतीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते ते. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे, शिवाय शुगर, आणि शुगरनं डोळे अधू केलेले. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनी एक लहानशी गुलाबी गोळी दाखवून मला बजावलं होतं, "बाकी काही विसरलात तरी चालेल, ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही." आई होती तोवर ती रोज हातावर गोळी ठेवून समोर उभी राहायची. माझ्याकडे आल्यावर पप्पा म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी गोळी मी घेईन." मलाही ते सोयीचं होतं.

जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्यांच्या मागच्या पानांवर एकच चित्र दिसायला लागलं. झिपऱ्या केसांचा एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर एक निळी चौकट. विचारलं तर म्हणाल्या, "मॅम, इसेकाई आहे. आपल्या जगात मरतात ना, मग दुसऱ्या जगात जागे होतात." जपानी लाइट नॉव्हेल, म्हणजे पोरांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या, इंग्रजीत भाषांतर केलेल्या. मुली वेळ कशावर घालवतात ते बघावं म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या रद्दीवाल्या सिंधी काकांकडे गेले. त्यांनी एका गठ्ठ्यावरची धूळ झटकून सहा खंड पुढे केले. "पूरा सेट ले जाओ, मॅडम. बच्चियाँ रोज पूछती हैं. सातवाँ आएगा तो आपके लिए रख दूँगा."

घरी पप्पा दिवसभर आईच्या फोटोसमोर बसून असायचे. टीव्ही नको, खाली कट्ट्यावर जाऊन बसणं नको. एका दुपारी मी नुसतं म्हटलं, "या पुस्तकातला हिरोपण मेंटेनन्सवालाच आहे," तर त्यांनी मान वळवली. तेवढ्यावर मी वाचायला बसले. डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडानं मराठी, वर्गात करते तसंच.

गोष्ट अशी. चौतिशीचा एक माणूस, मोठ्या शहरातल्या कंपनीत दुरुस्तीच्या खात्यात. साहेब त्याला नावानं ओळखत नाहीत. एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना त्याचा फोन वाजतो, स्क्रीनवर 'आई' असं येतं, तो उचलणार इतक्यात ट्रक येतो. डोळे उघडतो तर गवताचं मैदान, आकाशात दोन चंद्र आणि समोर एक देवी. ती त्याला शक्ती देते, दुरुस्तीची. तो हात लावेल ती मोडकी वस्तू नीट होणार.

"ट्रकवाल्याचं काय झालं?" पप्पांनी पहिला प्रश्न विचारला.

"ते दिलेलं नाही."

"आणि फोन? आईचा फोन कुणी उचलला का?"

"तेपण नाही दिलेलं."

"हं," ते म्हणाले. "वाच पुढं."

तेव्हापासून रोज दुपारी चहाबरोबर पंचवीस-तीस पानं व्हायला लागली. नायकाला ते 'आपला फिटर' म्हणायचे. दुसऱ्या खंडात राजवाड्याचं मोठं घड्याळ बंद पडतं, मोठमोठे विद्वान हात टेकतात, हा भिंतीला नुसता तळवा लावतो आणि काटे फिरू लागतात. सगळा दरबार उठून उभा राहतो. ते पान पप्पांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कारखान्यात ज्यांना त्यांनी पाना धरायला शिकवलं, ती माणसं फोरमन होऊन गेली. पप्पा फिटर लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्यासाठी कधी कुणी उठून उभं राहिलेलं मला आठवत नाही. या पुस्तकांची ओढ कशात आहे ते मला त्या दिवशी समजलं. ज्याला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, त्याला तिथे विचारतात, एवढंच. पण एवढं पुरतं. मलाही पुरत होतं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी पुढची पानं चोरून वाचायची.

दोष म्हणाल तर पानोपानी. सगळं पी हळद आणि हो गोरी. "तेल लागलं नाही, नट फिरवला नाही, आणि मशीन चालू?" पप्पा कुरकुरायचे. भेटेल ती मुलगी नायकावर भाळते आणि दर वेळी लाजून कानापर्यंत लाल होते, तेही त्याच शब्दांत. खलनायक मारायच्या आधी चार पानं आपला बेत समजावून सांगतो. माझ्या विद्यार्थिनींनी असा निबंध लिहिला असता तर मी वही फेकली असती. आणि त्या निळ्या चौकटी! त्या जगात प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची पायरी लिहिलेली असते, जन्मताना देवीनं दिलेली, ती कधी बदलत नाही. हे वाचल्यावर पप्पा बराच वेळ चहा ढवळत राहिले. "म्हणजे तिकडं पण जन्मावरूनच," ते म्हणाले.

तिसऱ्या खंडात नायक गुलामांच्या बाजारात जातो. गळ्यात लोखंडी पट्टा असलेली एक मुलगी पसंत करतो, विकत घेतो, तिला पोटभर जेवायला घालतो, आणि ती रडत रडत म्हणते, मालक, मी जन्मभर तुमची. लेखकाला हे फार हृदयस्पर्शी वाटलेलं दिसतं. मला ते वाक्य पप्पांसमोर उच्चारवेना. ज्या घरात तीन पिढ्या कुणाला 'मालक' म्हटलेलं नाही, त्या घरात मी हे मोठ्यानं कसं वाचायचं? मी पानावर नजर ठेवली आणि सांगितलं, "त्यानं पट्ट्याला हात लावला. दुरुस्त करायच्या ऐवजी पहिल्यांदाच काहीतरी तोडलं. मुलगी मोकळी झाली आणि आपल्या वाटेनं निघून गेली."

पप्पांनी मांडीवर थाप मारली. "दुरुस्तीवाल्यालाच तोडता येतं!"

लेखकापेक्षा बरं लिहिलं मी, असं वाटून त्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या. तिथेच पाय घसरला.

आषाढात आईचा वाढदिवस आला. पप्पांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुपारी भात तसाच ताटात. माझी चिडचिड झाली, रागावले, मग रडू आलं, आणि मग मी पाचवा खंड उघडला. त्यात नायक डोंगराखालच्या एका गावात मुक्कामाला थांबतो. मी खाणावळीच्या दारात त्याला उभं केलं आणि आत आईला उभी केली. नाव नाही घेतलं. म्हटलं, तिथं एक बाई आहे, तिशीची, दुसऱ्या जगातून आलेली. तिकडे फार आजारी होती, इथे जागी झाली तर गुडघे दुखत नव्हते. काळ्या वाटाण्याची आमटी करते. खोबरं करपायच्या बेतात येईपर्यंत भाजते. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखते. आणि झाकणावर पळी दोनदा आपटल्याशिवाय कुणाला वाढत नाही.

पप्पांनी ताट पुढे ओढलं आणि जेवले. सगळं जेवले.

मग काय, खाणावळ रोज उघडायला लागली. नायकाच्या लढाया मी चार वाक्यांत उरकायची आणि आम्ही त्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. मलाही तिला भेटायचं होतं, हे मी कबूल करते. पण पप्पांचे प्रश्न हळूहळू बदलले. आधी विचारायचे, ती खुशीत आहे का, गिऱ्हाइकं त्रास देत नाहीत ना. नंतर विचारायला लागले, तिथं समुद्र आहे का. मी म्हटलं, नाही, डोंगरातलं गाव आहे. मग एक दिवस: "येणाऱ्या माणसाला कुठं उतरवायचं हे कोण ठरवतं? नवरा-बायको असले तर एका गावात सोडतात का?"

माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा पडला होता. "वर्षाच्या आत आला तर एकाच गावात," मी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले. "उशीर झाला की मग कुठेही."

"वर्षाच्या आत," पप्पा म्हणाले, आणि कॅलेंडरकडे बघितलं. ते बघणं मला दिसलं होतं. मी पुढची वही उघडली.

त्यानंतर स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आठवडा झाला तरी पप्पा उठले नाहीत. दुसऱ्याच्या घरचासुद्धा गळका नळ ज्यांना सहन होत नाही, ते म्हणाले, "राहू दे. किती दिवस वापरायचाय?" मी समजले, थकले असतील. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, एक मजला चढले तरी धाप लागायची. मी समजले, दमट हवा. वर्गात पंचेचाळीस मुलींमधली एक खोटं बोलली तर मला मागच्या बाकावरून कळतं, आणि घरात एकच माणूस होता.

तर त्या दिवशी काकींचं ऐकून वर आले. गॅलरीच्या कठड्यावर स्टीलची ताटली होती. भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर सुकट उरली होती.

"पप्पा, हे काय?"

"सुकट आहे. तिकडं समुद्र नाही म्हणालीस ना. तिला सुकटीशिवाय जेवण जात नाही." अगदी सरळ आवाजात म्हणाले, टिफिन पोचवून आल्यासारखं.

नळाचा टपटप आवाज येत होता. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मीच वायसर बदलायला बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडलं. पप्पांच्या डब्यात आतमध्ये पुठ्ठ्याचे कप्पे असतात, अर्ध्या इंचाचे वायसर एकीकडे, पाऊण इंचाचे दुसरीकडे. शेवटच्या कप्प्यात गुलाबी गोळ्या होत्या. त्याच्या शेजारच्या कप्प्यात शुगरच्या पांढऱ्या. आकाराप्रमाणे नीट लावलेल्या. कुठलीही वस्तू फेकून देणं त्यांच्या हाताला जमत नाही. मी गुलाबी गोळ्या मोजल्या. अकरा होत्या.

डबा घेऊन बाहेर आले. पप्पांच्या पुढ्यात आपटला, आतले नट खणखणले.

"अकरा दिवस?"

"ओरडू नको, बाय."

"तुम्हाला मरायचंय का?"

पप्पांनी विस्कटलेले वायसर बोटानं कप्प्यात सारले. "मला वेड लागलेलं नाही. मी आयुष्यभर या गोष्टींना हसलो. पण तू सांग, तो लिहिणारा जपानातला माणूस. त्यानं आपलं घर बघितलेलं नाही. मग पळी दोनदा आपटते हे त्याला कसं कळलं? तळहातावर चाखते हे कसं कळलं? मशीनमधून आवाज येतो तो कारण असल्याशिवाय येत नाही." मग हलकेच म्हणाले, "आणि नसलंच काही, तर माझं काय जाणार आहे?"

माझं जाणार होतं. पण हे बोलायला तोंड कुठे होतं मला? त्यांना वाचवायचं तर एकच मार्ग होता, आणि तो माझ्या जिवावर आला होता.

"ते पुस्तकात नाही, पप्पा. मी घातलं."

"काय घातलं?"

"खाणावळवाली. आमटी. पळी. सगळं मी घातलं. तुम्ही जेवत नव्हता म्हणून."

"दाखव," ते म्हणाले.

मी पाचवा खंड आणून दिला. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं, गेजवरचे बारीक आकडे वाचायला कारखान्यात वापरायचे ते. मशीनची इंग्रजी पुस्तकं चाळून चाळून त्यांना अक्षरं येतात, अर्थ अडखळत लागतो. खिडकीजवळ बसून, ओळीखाली बोट धरून ते शोधायला लागले. मी समोर बसून राहिले. चहा केला, तो तसाच थंड झाला. पाऊण तासानं त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"इन. म्हणजे खाणावळ ना? हा कोण?"

"खाणावळवाला. मिशीवाला एक जाडा माणूस."

"दोनच ओळी?"

"दोनच."

"आणि ते वर्षाच्या आतलं?"

"तेपण मीच. तोंडाला आलं ते बोलले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "त्या पोरीच्या गळ्यातला पट्टा?"

"तोडला नाही त्यानं. विकत घेतली. सहाव्या खंडातपण तो तिच्या गळ्यात आहे."

"म्हणजे मी एवढे दिवस त्या माणसाला चांगला समजत होतो," पप्पा म्हणाले. मग फोटोकडे न बघता म्हणाले, "आणि आपली आई कुठंच नाही."

"नाही."

हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मला माहीत नाही. आई फेब्रुवारीत गेली तेव्हा मी दवाखान्यात होते, हात धरून होते, आणि माझ्याकडून काही चुकलं नाही असं मला मनापासून वाटतं. या वेळी मात्र तिला मीच घालवलं. पप्पांच्या डोळ्यांदेखत त्या स्वयंपाकघराची चूल विझली. मी रडले. ते रडले नाहीत.

डॉक्टरांना फोन लावला. ते मला बोल बोल बोलले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता सुरू करा, आणि उद्या घेऊन या. पप्पांनी डब्यातली एक गुलाबी गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली. त्यांच्या डोळ्यांत इतका राग मी कधी बघितला नव्हता.

तेव्हापासून ते रोज तसंच करतात. माझ्यासमोर गोळी, माझ्यासमोर जीभ. तीन दिवसांनी नळ दुरुस्त झालेला दिसला, त्याबद्दल अवाक्षर नाही. ताटली पुन्हा कठड्यावर दिसली नाही. काकींनी एकदा विचारलं, "काका, सर्वपित्रीला काही नाही?" तर पप्पा म्हणाले, "आमच्यात नसतं."

दिवाळीच्या सुट्टीनंतर सिंधी काकांनी दुकानातून हाक मारली. "मॅडम, सातवाँ आ गया, आपके लिए छुपा के रखा है." मी घेतला. घरी येऊन पप्पांना म्हटलं, वाचू का? या वेळी पुस्तकात आहे तेवढंच वाचेन, शपथ.

"ठेव तिथं," ते म्हणाले. "तू वाचलंस तर पुस्तकातलं कुठलं आणि तुझं कुठलं, मला कळायचं नाही."

मी एकटीनंच वाचला. पट्टा आहे. चौकटी आहेत. नायक आता सरदार झाला आहे. सात खंड झाले, त्याला एकदाही तो फोन आठवलेला नाही. रस्त्यावर वाजत पडलेला फोन आणि पलीकडे धरून बसलेलं माणूस, लेखकाला त्याचं काही सुचलेलं नाही. मला आता त्या गोष्टीत दुसरं काही दिसतच नाही.

जानेवारी चालू आहे. पुढच्या महिन्यात आईला वर्ष होईल. वर्षाच्या आतलं ते वाक्य मी मागे घेतलं, पप्पांनी पुस्तक भिंगातून तपासूनही घेतलं, तरी रोज सकाळी ते कॅलेंडरसमोर जरा वेळ उभे राहतात. काय बघता, असं विचारायची माझी हिंमत होत नाही. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन घरी फोन लावते. रिंग वाजत राहते. आधी ते दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलायचे, हल्ली सात-आठ होतात. फोन त्यांच्या शेजारीच असतो, हे मला माहीत आहे. मुली मैदानात ओरडत असतात, मी एका कानात बोट घालून रिंगा मोजते. मग ते उचलतात. हॅलो म्हणत नाहीत, माझं नाव घेत नाहीत. "आहे," एवढंच म्हणतात, आणि फोन ठेवतात.